फोटोतली ती मधमाशी नव्हे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या अंकात आतल्या पानावर आपण करडईच्या फुलाचा मोठा रंगीत फोटो छापला होता. केशरी फूल, त्यावर बसलेली पट्ट्यापट्ट्यांची माशी आणि खाली ओळ होती, 'मध गोळा करण्यात दंग झालेली मधमाशी'. फोटो फार सुरेख आहे. मी तो कापून वहीत चिकटवून ठेवला आहे. पण ती मधमाशी नव्हे. घरात भिरभिरणाऱ्या माशीच्याच गोतावळ्यातली ती सिरफिड नावाची माशी आहे, मधमाशीचे रूप घेतलेली. तिला नांगी नाही, ती पोळे बांधत नाही, मध साठवत नाही. एका फोटोच्या ओळीसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. पण हीच गफलत आपल्या शेतांत आणि सोसायट्यांच्या बागांत रोज होते, आणि तिथे ती त्या जिवावर बेतते. म्हणून लिहिते आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवत होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली, जुळे सोलापुरात राहते. सासरची शेती नान्नजच्या अंगाला आहे. ज्वारी, करडई आणि थोडा कांदा असतो, माझे धाकटे दीर ती बघतात. महिन्यातून दोन-तीनदा मी शेतावर जाते आणि भिंग घेऊन बांधावर बसते.

आपला फोटोही मी भिंगाखाली धरला. आधी डोळे बघितले. त्या माशीच्या डोळ्यांवर गडद-फिक्या उभ्या रेषा आहेत, इरकली लुगड्याच्या काठावर असाव्यात तशा. मधमाशीचे डोळे एकरंगी काळसर असतात, त्यांवर असे नक्षीकाम नसते. मग मिशा बघितल्या. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकवलेल्या हातासारख्या असतात. हिच्या मिशा म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये नुसता एक आखूड खुंट. मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या नाहीत. आणि पंख दोनच आहेत, अंगापासून जरा बाजूला पसरलेले.

हे पंखांचे जरा समजावून सांगते, कारण सगळी ओळख तिथे आहे. माशीच्या सगळ्या घराण्याला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गाठी उरल्या आहेत. उडताना त्या थरथरतात आणि माशीचा तोल सांभाळतात. मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारीण यांना मात्र चार पंख. पण उडत्या गांधीलमाशीचे चार पंख मोजायला गेलात तर फसाल, कारण तिचा मागचा पंख पुढच्या पंखाला बारीक आकड्यांनी अडकवलेला असतो, ब्लाउजच्या हुकांसारखा, आणि दोन्ही मिळून एकच दिसतात. म्हणून मी वर्गात सांगायचे, पंख दिसले तर मोजा, नाहीतर मिशा बघा, आणि मिशाही दिसत नसतील तर ती हवेत कशी थांबते ते बघा. गांधीलमाशी पाय लोंबकळत ठेवून काहीतरी शोधल्यासारखी फिरते. सिरफिड माश्या मात्र हवेत खिळा ठोकल्यासारख्या एका जागी थांबतात, निमिषात हातभर बाजूला सरकतात आणि पुन्हा तशाच थांबतात.

आपली चूक फार जुनी आहे, हेही सांगायला हवे. जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांची पक्की समजूत होती की मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात. कुजलेल्या जागेतून बाहेर पडणाऱ्या त्या 'मधमाश्या' म्हणजे आपल्या फोटोतल्या माशीच्या बहिणी असाव्यात, असा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. या माश्यांच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात. शेणखताच्या खड्ड्याशेजारच्या डबक्यात लांब शेपटीची मळकट अळी अनेकांनी पाहिली असेल. ती शेपटी म्हणजे तिची श्वासाची नळी. ती नळी पाण्याच्या वर धरून अळी खाली गाळ खात बसते. तीच पुढे पंख फुटून करडईच्या आणि कांद्याच्या गोंड्यांवर येते. ज्यांनी कांद्याचे बी धरण्यासाठी गोट लावले आहेत, त्यांनी सकाळी दहाच्या सुमारास गोंड्यांकडे दहा मिनिटे नीट बघावे. तिथे मधमाश्यांच्या बरोबरीने या माश्या राबताना दिसतील. परागीभवनाचे अर्धे श्रेयसुद्धा आपण त्यांना देत नाही.

सोंग कशासाठी, ते बहुरूप्याच्या उदाहरणाने मुलांना चटकन कळायचे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत पोलिसाचा वेष केलेला बहुरूपी यायचा. माझे वडील जुन्या गिरणीत साच्यावर होते. रात्रपाळी करून झोपलेला माणूसही त्या दरडावण्याने उठून बसायचा. आम्ही मुले कोठीमागे लपायचो. आजी मात्र सरळ त्याच्या पायांकडे बघायची. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, हातात दांडकी, आणि पायात साध्या वहाणा! मग ती हसून सूपभर ज्वारी आणायची. बहुरूप्याला ज्वारी मिळाली ती खऱ्या पोलिसाच्या धाकामुळे. गांधीलमाशीसारखी दिसणारी माशीही खऱ्या गांधीलमाशीच्या धाकावर जगते. ज्या पक्ष्याला एकदा नांगी लागली, तो पुन्हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या वाटेला जात नाही.

हे पहिल्यांदा नीट मांडले हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रजाने. तो लेस्टर गावचा. आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेल, तसा तिथे मोज्यांचा धंदा, आणि शाळा सोडून हा पोरवयातच होजिअरीच्या कामाला लागलेला. किडे गोळा करायचा नाद त्याने स्वतःच्या हिमतीवर जोपासला. १८४८ साली तो अॅमेझॉनच्या जंगलात गेला आणि ११ वर्षे तिथे राहिला. तिथल्या काही फुलपाखरांना पक्षी तोंड लावत नाहीत, कारण ती चवीला वाईट असतात. त्यांच्याच थव्यात, अगदी त्याच रंगाची, पण खायला बिनधोक असलेली दुसऱ्याच घराण्यातली फुलपाखरे उडतात, हे त्याच्या लक्षात आले. १८६२ साली त्याने ते छापले. अशा सोंगाला आजही त्याचेच नाव आहे. गिरणी कामगाराच्या मुलीला ही गोष्ट शिकवताना किती बरे वाटायचे, ते शब्दांत सांगता येत नाही.

पुढे बरोबर १०० वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत जेन आणि लिंकन ब्राउअर या जोडप्याने भेकांवर प्रयोग केला. ज्या भेकांनी नांगीवाल्या मधमाश्या खाऊन बघितल्या होत्या, ते पुढे मधमाशीसारख्या माश्यांनाही तोंड लावेनात. ज्यांना मधमाशी ठाऊकच नव्हती, त्यांनी त्या माश्या खुशाल गिळल्या. सोंग चालते, पण बघणाऱ्याला आधी खऱ्याचा चटका बसलेला असावा लागतो. आणि सगळ्यांपुढे ते चालतही नाही. आमच्या शेताच्या तारेवर वेडे राघू बसतात. ते खरी मधमाशीसुद्धा पकडतात, तारेवर घासून नांगी काढून टाकतात आणि मग गिळतात. त्यांच्यापुढे पट्ट्यांचा काय पाड!

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गेल्या वर्षी मार्गशीर्षात करडईवर मावा आला. मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे. हा काळा मावा, शेंड्याला बोट ठेवायला जागा नाही असा. पहिल्यांदा बांधाकडच्या ओळींत आला. पाने चिकट होऊन उन्हात चकाकायला लागली. दीर म्हणाले, "वहिनी, आता औषध मारायलाच लागतंय बघा. आणि ह्या गांधीलमाश्या कशा घोंगावायल्यात, फवारणाऱ्या गड्याला चावल्या तर?" मी बघितले तर शेंड्यांसमोर सिरफिडच्याच दुसऱ्या जातीच्या पिवळ्या-काळ्या बारीक माश्या हवेत थांबून होत्या. मी एक ओंजळीत धरली. तिने असा चढा आवाज काढला की दीर दोन पावले मागे सरकले. मी मूठ बंदच ठेवली, त्यांच्यापुढे नेली आणि उघडली. "चावली का?" मी विचारले. "नाही की," ते म्हणाले.

मग मी त्यांना काट्यांतून हात घालून एक शेंडा वाकवून दाखवला. माव्याच्या गर्दीत, तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरी अंडी एकेकटी चिकटवलेली होती. शेजारच्या पानाच्या मागे एक हिरवट अळी होती. पाय नाहीत, डोळे नाहीत, एक टोक निमुळते. ते टोक ती हवेत इकडून तिकडे फिरवत होती, आंधळ्या माणसाने काठी फिरवावी तसे. टोक एका माव्याला लागले. तिने त्याला देठापासून उचलून सरळ हवेत धरले. त्याचे पाय हवेत हलत होते. आम्ही दोघे श्वास रोखून बघत होतो. थोड्या वेळात तो मावा रिकाम्या पिशवीसारखा लोळागोळा झाला, तिने ते टरफल टाकले आणि टोक पुन्हा फिरायला लागले. एवढ्याशा आयुष्यात अशी एक अळी शेकडो मावा संपवते. ज्या माशीला गांधीलमाशी समजून आपण घाबरतो, तिचीच ही अळी. आई फुलावर पोट भरते आणि अंडी नेमकी माव्याच्या ताटात घालते.

दीरांनी त्या दिवशी पंप उतरवून ठेवला. बांधाकडच्या पाच-सहा ओळींवर मावा फारच होता, तिथे त्यांनी फवारले, आतले रान सोडले. पंधरा दिवसांनी आतल्या शेंड्यांवर वाळलेली टरफले आणि थेंबाच्या आकाराचे कोष दिसले. करडई हाती लागली. दरवर्षी असेच होईल, असे मी म्हणत नाही. मावा आवरेना झाला तर औषध मारावेच लागते, शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे. पण शेंडा वाकवून न बघता, माश्या दिसल्या म्हणून सगळ्या रानावर फवारा सोडला की मावा मरतो आणि त्याला खाणारेही मरतात. मावा आठवड्यात पुन्हा वाढतो. खाणारे इतक्या लवकर वाढत नाहीत.

मुंग्यांचेही सांगितले पाहिजे, कारण माव्याच्या चिकट्यापाशी मुंग्या हटकून असतात. त्या तो गोड रस चाटतात आणि माव्याची राखण करतात, सिरफिडच्या अळीला चावून हुसकावतात. मुंग्यांना भिणारेही पुष्कळ. त्या एकट्या नसतात, चावतात, काही जाती आम्लाची चिळकांडी सोडतात. तेव्हा मुंगीचे सोंग घेणाऱ्या माश्याही आहेत यात नवल नाही. एक तर प्रत्येक गोठ्यात आहे. ताज्या शेणाच्या पोवर बघा. तिळाएवढी, काळी चकचकीत, गोल डोके, मध्ये बारीक कंबर. लांबून मुंगीच वाटते. पण तिला दोन पंख असतात, प्रत्येकाच्या टोकाला एक काळा ठिपका, आणि चालताना ती पंख वल्ह्यासारखे पुढेमागे हलवत असते. एकदा चौथीच्या मुलांना घेऊन गोठ्यात गेले होते. "बाई, पंखवाल्या मुंग्या!" म्हणून सगळी ओरडली. एक मुलगी मात्र उकिडवी बसून बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हिला मिशाच नाहीत की." तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती.

सांगली-साताऱ्याकडे हळद आणि आले करणारे शेतकरी कंदमाशीला ओळखतात, ती नुकसान करणारी आहे. काळी, सडपातळ, लांब पायांची. तिच्या घराण्यातल्या माश्या पुढचे दोन पाय डोक्यापुढे धरून हलवत चालतात, मुंगीने मिशा हलवाव्यात तशा. नसलेल्या मिशांची उणीव पायांनी भरून काढायची! गांधीलमाशीचे रूप घेणाऱ्या काही सिरफिडही हेच करतात. आणखी काही जाती पकडल्यावर पोटाचे टोक वाकवून टोचल्यासारखे करतात, नांगी नसताना. रंगरूप तेवढे घेऊन भागत नाही, वागणेही घ्यावे लागते. एका जातीच्या सिरफिडच्या अळ्या तर थेट मुंग्यांच्या वारुळात राहतात. त्या इतक्या बसक्या आणि गोलसर की पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांची नोंद गोगलगायीच्या जातीत केली होती.

पट्टे असलेली प्रत्येक माशी आपली मित्रच, असे कुणी समजू नये. काकडी-दोडक्याला डंख करून आत अंडी घालणारी फळमाशी लहानशा गांधीलमाशीसारखीच दिसते आणि तिच्यासाठी सापळे लावावेच लागतात. म्हणून तर ओळख हवी.

आता जी गोष्ट मनाला फार लागली ती लिहिते. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी एका मैत्रिणीकडे गेले होते. त्यांच्या सोसायटीचे नाव लिहीत नाही. खाली बागेत झेंडू फुलला होता आणि कुणीतरी लावलेली कोथिंबीर फुलोऱ्यावर आली होती. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर सिरफिड माश्यांची नुसती दाटी. लहान मुले तिथे खेळतात, गांधीलमाश्या झाल्यात, असे म्हणून कुणीतरी कीटकनाशक मारणाऱ्यांना बोलावले. मी खाली जाईपर्यंत फवारणी उरकली होती. मी समजावून सांगितले, लोकांनी ऐकूनही घेतले, पण वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या नातवाने मेलेल्या माश्या काडेपेटीत भरून मला आणून दिल्या. मी त्या कागदावर मांडल्या. अकरा होत्या. नऊ सिरफिड, दोन मधमाश्या. गांधीलमाशी एकही नव्हती. गांधीलमाश्यांचे खरे पोळे गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली होते, तळहाताएवढे, आणि ते तसेच राहिले. त्या झेंडूवर नंतर कितीतरी दिवस काही फिरकले नाही. काडेपेटी माझ्याकडे अजून आहे.

जगात सिरफिड माश्यांच्या सुमारे ६ हजार जाती आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या रब्बीच्या रानात त्यांतल्या निदान चार-पाच तरी कुणालाही उभ्या उभ्या दिसतील. ज्वारीच्या चिकट्यावरही त्यांच्या अळ्या सापडतात. बांधाला धने किंवा बडीशेप टाकली आणि ती फुलू दिली, तर माश्या तिथे मुक्कामाला येतात. आमच्या बांधावर यंदा दोन ओळी आहेत. दीरांनीच टाकल्या, मी सांगितले नव्हते.

आपल्याला माझी एवढीच विनंती आहे की तो फोटो पुन्हा छापावा. दुरुस्तीच्या दोन ओळी कोपऱ्यात देऊ नयेत, फोटोच द्यावा, आणि डोळ्यांवरच्या रेषा दिसतील एवढा मोठा द्यावा. शेजारी खऱ्या मधमाशीचा फोटो त्याच आकारात लावावा. हवा असल्यास मी मिळवून देते. आमच्या करडईला अजून दोन-तीन आठवडे फूल राहील, मग काढणी. आपल्या छायाचित्रकाराला सकाळी नऊच्या आत पाठवा, त्या वेळी माश्या गारठलेल्या असतात आणि फुलावर बराच वेळ बसून राहतात. माव्याचा एक शेंडाही मी त्यांना दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर